ट्रंपेट खाली ठेवल्यावर

धोबीतलावजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गोवेकर अंकल राहत. माझ्या वडिलांचे ते स्नेही. १९५० आणि ६०च्या दशकांत त्यांनी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रंपेट वाजवला होता. मी कॉलेजात असताना, १९७०च्या दशकात, त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा त्यांचं वाजवणं बंद झालं होतं. दात गेले होते, कवळी आली होती आणि ट्रंपेट काळ्या पेटीत बंद होऊन कॉटखाली गेला होता. दर रविवारी चर्चमधून आले की अंकल ती पेटी बाहेर ओढत, ट्रंपेटच्या तिन्ही कळांना तेल घालत, फडक्याने पितळ लख्ख पुसत आणि पेटी पुन्हा आत सरकवून देत.

मी म्हणायचो, "अंकल, थोडं वाजवा ना."

ते खालच्या ओठावर बोट ठेवून म्हणत, "हा नाय म्हणतो, बाबा."

मग ते रेकॉर्ड लावत. एकदा त्यांनी पाठोपाठ दोन रेकॉर्डी लावल्या. पहिली होती काउंट बेसीच्या बँडची, १९३०च्या दशकातली, तीन मिनिटांत संपणारी. दुसरी लाँग प्ले, १९५३ सालची. तिची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं. दोन्हींत ट्रंपेट वाजवणारा माणूस एकच होता. अंकल म्हणाले, "पहिल्यात तो किती सूर वाजवतो ते मोज. दुसऱ्यात किती सोडतो ते मोज."

मला काही मोजता आलं नाही. पण त्या माणसाचं नाव मात्र डोक्यात राहिलं. बक क्लेटन.

पुढे कितीतरी वर्षांनी या क्लेटनच्या उत्तरकाळातल्या ध्वनिमुद्रणांचा एक संच माझ्या हाती आला. 'द कम्प्लीट सीबीएस बक क्लेटन जॅम सेशन्स' हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या मोझेक कंपनीने तो १९९३ साली काढला. १९५३ ते १९५६ या काळात क्लेटनने आपल्या जुन्या-नव्या मित्रांना स्टुडिओत बोलावून ज्या मैफली रंगवल्या, त्या यात एकत्र केल्या आहेत. हा संच मी गेली अनेक वर्षं ऐकतो आहे, आणि अंकलनी घातलेलं ते मोजणीचं कोडं आता कुठे थोडंफार सुटू लागलं आहे.

उतारवयातल्या ध्वनिमुद्रणांविषयी आपल्याकडे नेहमी दोन तट असतात. आमच्या घरात बालगंधर्वांवरून हा वाद कैक वेळा झाला. एक काका म्हणायचे, गंधर्व ऐकावेत ते ऐन उमेदीतले, नंतरचं ऐकून उगाच जीव दुखवून घेऊ नये. आजीला मात्र त्यांची उतारवयातली भजनंच अधिक भिडत. जगभरचे रसिक बहुधा काकांच्याच बाजूचे असतात. विकत घेतलं जातं ते तारुण्य. क्लेटनच्या बाबतीतही तसंच झालं. त्याचं नाव जॅझच्या इतिहासात कायम झालं ते १९३६ ते १९४३ या सात वर्षांच्या कामगिरीवर. त्यानंतर तो आणखी जवळजवळ अर्धं शतक जगला आणि शेवटपर्यंत संगीतातच राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

विल्बर क्लेटनचा जन्म १२ नोव्हेंबर १९११चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या गावचा. 'बक' हे टोपणनाव. वडील धर्मोपदेशक आणि संगीताचे जाणकार. त्यांनीच सहाव्या वर्षी मुलाला पियानोवर बसवलं. ट्रंपेट हाती आला तो नंतर. शाळा संपवून बक कॅलिफोर्नियात गेला आणि तिथे लुई आर्मस्ट्राँगला भेटला. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत कसं जायचं, आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रंपेटवर मींड कशी काढायची, हे खुद्द आर्मस्ट्राँगने त्याला दाखवलं.

त्यानंतरचा मुक्काम थेट शांघाय. १९३४ साली टेडी वेदरफर्ड नावाच्या अमेरिकन पियानोवादकाच्या मध्यस्थीने क्लेटन आपला बँड घेऊन चीनला गेला. फ्रेंच वसाहतीत 'कॅनिड्रोम' नावाचं कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान होतं, त्याला लागून आलिशान नृत्यगृह. तिथे हे कृष्णवर्णीय तरुण उत्तम शिवलेले सूट घालून वाजवत. मायदेशात ज्यांना कित्येक हॉटेलांच्या पुढच्या दाराने आत जाता येत नसे, त्यांना इथे मानाची वागणूक मिळत होती. पण वर्णद्वेषही बोटीत बसून मागोमाग आलाच. एका गोऱ्या अमेरिकनाशी मारामारीचा प्रसंग घडला आणि कॅनिड्रोमचं काम सुटलं. मग बँड एका साध्या ठिकाणी वाजवू लागला. तिथल्या गिऱ्हाइकांना चिनी गाणी हवी असत. क्लेटनने ती गाणी बसून लिहून काढली आणि आपल्या वाद्यांवर बसवली. ली जिनहुई या चिनी संगीतकाराबरोबरही त्याने काम केलं. चीनमधली ती दोन वर्षं आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची, असं त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केलं आहे.

या शांघायच्या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. क्लेटनला चीनला नेणारा टेडी वेदरफर्ड १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत येऊन ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला. ताजमधले हे अमेरिकन बँड ऐकत आपल्याकडच्या गोवेकर वादकांची एक पिढी तयार झाली. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. 'चिक चॉकलेट' या नावाने ते गाजले आणि मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणवले गेले. सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरलं. १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या अंकलनीही तरुणपणी ताजच्या बाहेर, समुद्राकडच्या कठड्यावर बसून वेदरफर्डचा बँड ऐकला होता. आत जायला ना पैसे होते, ना सूट. त्यामुळे क्लेटन हा त्यांना सातासमुद्रापलीकडचा कोणी वाटतच नसे. 'आमच्या टेडीचा माणूस' असं ते म्हणत.

चीनवर जपानचं मोठं आक्रमण झालं ते १९३७ साली. त्याच्या आदल्याच वर्षी क्लेटन अमेरिकेला परतला होता. न्यूयॉर्कला जाताना वाटेत कॅन्सस सिटीत उतरला आणि तिथे काउंट बेसीच्या बँडमध्ये ट्रंपेटवादकाची जागा रिकामी झालेली होती. तो तिथेच राहिला. काही महिन्यांतच हा बँड न्यूयॉर्कला पोचला आणि सगळ्या अमेरिकेत त्याची ख्याती झाली.

बिग बँड म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. तेरा-चौदा ते सतरा-अठरा वादकांचा हा ताफा. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असे तीन गट आणि खाली लय धरून ठेवणारे पियानो, गिटार, बास आणि ड्रम. बहुतेक भाग आधी लिहिलेला, सगळ्यांनी मिळून वाजवायचा. त्यात अधूनमधून एखाद्याने उभं राहून आपल्या मनचं वाजवायचं. तो सोलो. पण तीन मिनिटांच्या तबकडीत सोलोला वाव तो किती? पंधरा-वीस सेकंद, फार तर अर्धं मिनिट. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही अख्खा राग तीन मिनिटांत बसवावा लागला होताच. त्या सक्तीतून दोन्हीकडे एक विलक्षण कसब निर्माण झालं. क्लेटन उठायचा, बहुधा ट्रंपेटच्या तोंडावर वाटीसारखा म्यूट लावायचा, त्यामुळे आवाज मऊ आणि काहीसा दूरचा व्हायचा, आणि त्या वीस सेकंदांत एक घडीव, चकचकीत वाक्य बोलून तो खाली बसायचा. एकही शब्द वाया नाही.

याच काळात, १९३७ सालापासून, त्याने बिली हॉलिडे या गायिकेच्या तबकड्यांवर साथ केली. तिच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत तो हलकेच एखादा तुकडा भरतो आणि ती पुन्हा गाऊ लागली की मागे सरतो. उत्तम सारंगिया किंवा हार्मोनियमवाला जे करतो तेच. दुसऱ्याला पुढे करून आपण कसं वाजवायचं, हे तो वयाच्या पंचविशीतच शिकलेला होता. त्याचं मोल पुढे कळायचं होतं.

१९४३ साली त्याला सैन्यात भरती व्हावं लागलं आणि बेसीचा बँड सुटला. १९४६ साली तो बाहेर आला तोवर हवा पालटली होती. बिग बँडचे दिवस मावळत होते आणि बीबॉप नावाचं वेगवान, गुंतागुंतीचं नवं जॅझ तरुणांना वेड लावत होतं. पस्तिशीतला क्लेटन एकदम 'जुन्या पिढीचा' ठरला. आपल्याकडच्या नाट्यसंगीतातल्या नटांवर बोलपट आल्यानंतर जी वेळ आली, तशीच काहीशी ही गत.

आणि इथे त्याच्या मदतीला तंत्रज्ञान आलं. १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागलं. १९५३च्या डिसेंबरात जॉन हॅमंड आणि जॉर्ज अवाकियन या निर्मात्यांनी क्लेटनला विचारलं, की तीन मिनिटांचं बंधन नसेल तर तुम्ही मंडळी कसे वाजवाल?

१४ डिसेंबर १९५३च्या त्या पहिल्या बैठकीपासून हा संच सुरू होतो. जमलेली मंडळी पाहा. बासवर वॉल्टर पेज, गिटारवर फ्रेडी ग्रीन, ड्रमवर जो जोन्स. म्हणजे बेसीच्या बँडचे जुने, एकमेकांच्या श्वासाची सवय असलेले लयकार. पियानोवर सर चार्ल्स थॉम्प्सन. शिवाय ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनवाले. आणि क्लेटनच्या शेजारी दुसरा ट्रंपेटवाला, जो न्यूमन. तो क्लेटनपेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान आणि बेसीच्याच बँडमधला पुढच्या पिढीचा वादक. ज्या खुर्चीवरून आपण उठलो तिथे आज बसणाऱ्या तरुणाला क्लेटनने आपल्या मैफलीत मुद्दाम शेजारी घेतलं. आपल्याकडे किती उस्तादांनी असं केलं असतं, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

'द हकलबक' हे त्या डिसेंबरातलं गाणं वीस मिनिटांच्या आसपास चालतं. सुरुवातीला सगळे मिळून साधी, डोलत जाणारी धून वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो. बाकीचे मागून हलका ठेका देतात, एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून बोलणाऱ्याला हुंकार भरतात. हे तुकडे क्लेटनने रचलेले. कुणी कधी यायचं, मागून कुणी काय वाजवायचं, चढण कुठून सुरू करायची, हे सगळं त्याच्या मनात पक्कं असतं. ऐकणाऱ्याला मात्र सगळं आपोआप घडल्यासारखं वाटतं. त्याची स्वतःची पाळी येते तेव्हा तो घाई करत नाही. एक वाक्य बोलतो, थांबतो. त्या थांबण्यात खालची गिटार आणि बास ऐकू येतात. मग त्याच वाक्याला थोडं वळवून दुसरं बोलतो. तरुण क्लेटनने त्या जागा भरून टाकल्या असत्या. इथे वेळ भरपूर हाताशी आहे आणि तरीही तो कमी बोलतो. अंकल जे मोजायला सांगत होते ते हेच.

संचात सगळंच सोनं आहे असं नाही. काही बैठकींत सोलोंची रांग जरा लांबते आणि कुणीतरी आता आवरावं असं वाटतं. शिवाय अवाकियन यांनी काही ठिकाणी वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे टेप कापून जोडले होते, त्यावरून पुढे जाणकारांत वादही झाला. तरी भर मैफलीची ऊब या रेकॉर्डींमध्ये जशी पकडली गेली आहे तशी स्टुडिओत क्वचितच सापडते.

त्यानंतरची दहा-बारा वर्षंही चांगली गेली. १९५९ साली क्लेटन आपले सहकारी घेऊन युरोपात हिंडला. त्या वर्षीच्या कोपनहेगनच्या मैफलीची रेकॉर्ड आहे आणि तिच्यात बेसीकडचा जुना गायक जिमी रशिंग खणखणीत गातो. इंग्लंडमध्ये हम्फ्री लिटल्टन या ट्रंपेटवादकाशी त्याची घट्ट मैत्री झाली आणि दोघांनी मिळून रेकॉर्डी केल्या. आणि मग ओठ दुखू लागला.

ट्रंपेटवाल्याचा ओठ म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. सनईला पत्ती असते, क्लॅरिनेटला असते. ती फाटली तर दुसरी बसवता येते. ट्रंपेटला पत्ती नाही. वादकाचे स्वतःचे ओठ हीच त्याची पत्ती. सोळा-सतरा मिलिमीटर व्यासाच्या मुखरीवर ओठ दाबून धरायचे, फुंकर घालून ते थरथरवायचे, आणि ती थरथर नळीत घुमून सूर बाहेर येतो. कळा फक्त तीन. तीन कळांत सगळी सप्तकं बसत नाहीत, म्हणून उरलेलं काम ओठांच्या ताणाने करायचं. सूर जितका वर, तितका ओठ अधिक घट्ट. मागून दातांचा आधार हवाच. अशी रोजची चार-पाच तास, तीस-चाळीस वर्षं. ओठांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू कधीतरी फाटतो. या दुखण्याला वैद्यकात आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' असंच नाव पडलं आहे. गवयाचा आवाज बसला तर निदान बोलून दाखवता येतं. ट्रंपेटवाल्याचा ओठ गेला की त्याचं वाद्य मुकंच होतं.

१९६९ साली क्लेटनच्या ओठावर शस्त्रक्रिया झाली. १९७२ साली ट्रंपेट सोडावा लागला. १९७७ साली अमेरिकन सरकारच्या आफ्रिका दौऱ्यासाठी त्याने पुन्हा हिंमत धरून वाजवलं, पण १९७९ साली ते कायमचं थांबलं. वय अडुसष्टाला टेकलेलं.

आता ज्या रेकॉर्डींसाठी मी हा सगळा पसारा मांडला, त्यांच्याकडे येतो. त्या मोझेकच्या संचात नाहीत; त्या वेगळ्या मिळवाव्या लागतात. १९७४, १९७५ आणि १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये कियारोस्क्यूरो या छोट्या कंपनीसाठी पुन्हा 'बक क्लेटन जॅम सेशन' भरली. वेष्टनावर त्याचं नाव ठळक छापलेलं आहे. पण आत त्याच्या ट्रंपेटचा एकही सूर नाही. संगीत त्याने लिहिलं आहे, वादक त्याने निवडले आहेत आणि समोर उभं राहून मैफल त्याने चालवली आहे. ट्रंपेट मात्र दुसरे वाजवतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फसवला गेल्यासारखा चिडलो होतो. नंतर १९५३चा संच आणि ह्या रेकॉर्डी एकाच दिवशी पाठोपाठ ऐकल्या आणि ध्यानात आलं की मांडणी तीच आहे. तोच सावकाश चढत जाणारा डोलारा, तेच मागून भरलेले हुंकार, दुसऱ्याला त्याच्या मनासारखं बोलू द्यायची तीच रीत. १९५३ साली ट्रंपेट ऐकण्याच्या नादात आपण जे ऐकलंच नव्हतं, ते इथे ट्रंपेट नसल्यामुळे स्वच्छ ऐकू येतं. बिली हॉलिडेच्या दोन ओळींमधली जागा ओळखणारा तो पंचविशीतला मुलगा, शांघायमध्ये चिनी गाणी कागदावर उतरवणारा तो तरुण, दोघेही इथे हजर आहेत. क्षयाने एक फुप्फुस गमावलेल्या कुमार गंधर्वांनी उरलेल्या श्वासातून नवी गायकी उभी केली, हे आपण अभिमानाने सांगतो. क्लेटनकडे तर तो उरलेला श्वासही वापरायला ओठ नव्हता. त्याने कागद-पेन्सिल घेतली.

आणि हे काही थोड्या दिवसांचं सोंग नव्हतं. त्याने न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात शिकवलं. १९८६ साली 'बक क्लेटन्स जॅझ वर्ल्ड' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने चक्क स्वतःचा बिग बँड काढला, जो त्याच्या ऐन तारुण्यात कधी टिकून उभा राहू शकला नव्हता. या बँडसाठी त्याने शंभराच्या आसपास रचना केल्या. १९८८ची 'अ स्विंगिन ड्रीम' ही रेकॉर्ड त्याच बँडची. कधी ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. बँड तरुणांसारखा उसळतो आहे आणि ज्याच्या डोक्यातून हे सगळं आलं तो समोर हात हलवत उभा आहे. ८ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो झोपेतच गेला.

अंकल त्याच्या बरेच आधी गेले. १९७४ची ती रेकॉर्ड त्यांच्यापर्यंत कधी पोचली नाही. आपला लाडका क्लेटनही ट्रंपेट खाली ठेवून बसला आहे आणि तरीही काम करतो आहे, हे त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांना सुरांचं लेखन उत्तम येत असे. स्टुडिओत ऐन वेळी वादकांचे कागद लिहून द्यायचं काम त्यांच्याकडेच असे, हे मला त्यांच्या अंत्यविधीला आलेल्या एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याकडून कळलं.

त्यांच्या घरी मी चार वर्षं जात होतो. दर रविवारी ती पेटी कॉटखालून बाहेर यायची आणि दर रविवारी मी तेच म्हणायचो, अंकल, थोडं वाजवा ना. अंकल, मला शिकवा, असं मी एकदाही म्हटलं नाही.